गुरुकुंज मोझरी : भूमी, इतिहास आणि गावकारभार



अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या एस.टी.त बसले म्हणजे पाऊण-एक तासाने एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. गाडी मोझरीजवळ आली की अर्धेअधिक उतारू खिडकीकडे वळून हात जोडतात. कंडक्टर गावाचे नाव पुकारतो, दोन-चार माणसे उतरतात, दोन-चार चढतात, आणि गाडी तिवशाच्या वाटेला लागते. मीही पुष्कळ वर्षे असाच हात जोडून पुढे गेलो आहे. हात जोडण्यात गैर काही नाही. पण हात जोडले म्हणजे गाव पाहिले असे होत नाही. ते पाहण्याचा थोडा प्रयत्न आज आपण करू.

प्रथम माझ्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण मी इतिहासाचा प्राध्यापक नाही की भूगोलाचा जाणकार नाही. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण जिनिंग कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. आता पन्नाशी उलटली आहे, आणि गेली बरीच वर्षे मी ग्रामपंचायतींच्या कर्मचाऱ्यांची संघटना बांधण्याचे काम करतो. नळाला पाणी सोडणारा, नाली उपसणारा, दिवे लावणारा आणि घरपट्टीचे बिल घेऊन दारोदार फिरणारा, ही माझी माणसे. त्यामुळे कोणतेही गाव मला प्रथम पाण्याच्या टाकीकडून आणि वसुलीच्या वहीकडून दिसते. हा माझा दोष समजा किंवा सोय समजा.

काही दिवसांपूर्वी स्वित्झर्लंडमधील एका लहानशा गावाचा परिचय माझ्या वाचनात आला. त्याची जमीन कशी, त्याचा इतिहास कोणता, तेथील लोक पोट कशावर भरतात आणि त्यांचा कारभार कोण पाहतो, अशा चार खणांत त्या गावाची मांडणी केली होती. मनात आले, साता समुद्रापलीकडच्या गावाची इतकी माहिती आपण आवडीने वाचतो, मग तासाभराच्या अंतरावरील मोझरीची का वाचू नये? म्हणून तेच चार खण घेऊन मी मोझरीकडे पाहणार आहे.

जमीन आणि पाणी

मोझरी हे अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील गाव. अमरावतीपासून ते ३०-३५ किलोमीटरवर, नागपूरच्या हमरस्त्यावर आहे. या रस्त्याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत. आता त्याचा क्रमांक ५३ आहे. जुने शेतकऱ्यांचे गाव मोझरी, आणि त्याच्या शिवारात रस्त्याला लागून उभी राहिलेली आश्रमाची वसाहत गुरुकुंज. ही दोन नावे आज एका दमात घेतली जातात, परंतु त्यांची जन्मकथा वेगळी आहे. ती पुढे येईलच.

अमरावती सोडून मोझरीकडे जाताना आपण वाटेत एक सीमा ओलांडतो. तिच्यावर नाका नाही, पाटी नाही, म्हणून ती कोणाच्या ध्यानात येत नाही. अमरावतीच्या बाजूला पडलेला पाऊस पेढी नदीने पूर्णेत जातो, पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्र गाठते. तिवशाच्या बाजूला पडलेला पाऊस मात्र पिंगळाईसारख्या लहान नद्यांनी वर्धेत जातो. वर्धा वैनगंगेला मिळून त्यांची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे मोझरीकर आपले शेजारी खरे, पण त्यांचे पाणी पूर्वेच्या समुद्राला आणि आपले पश्चिमेच्या.

आता यातील गंमत पाहा. आपल्या शहराच्या नळाला जे पाणी येते, ते मोर्शी तालुक्यातील सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचे. वर्धेच्या खोऱ्यातील पाणी नळातून ही सीमा ओलांडून आपल्या घरी येते. तेव्हा त्या बाजूच्या गावांचे आणि आपले नाते पाण्याचे आहे, हे शहरातील माणसाने विसरू नये.

जमीन काळी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर पसरले. त्या काळ्या खडकाची झीज होऊन ही माती झाली. तिचा स्वभाव असा की पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घर बांधणारा तिला शिव्या देतो, कारण भिंती तडकतात. पण कापूस पेरणारा तिला आई म्हणतो. पाऊस चारच महिने पडतो, कापूस मात्र पाच-सहा महिने शेतात उभा असतो. पाऊस संपल्यावर जी ओल त्याला जगवते, ती ही माती पोटात धरून ठेवते. वऱ्हाडात कापूस का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या मातीत आहे.

तिच्याखालचा खडक मात्र पाण्याच्या बाबतीत कंजूष आहे. त्याच्या फटी आणि सांधे यांत जेवढे मुरेल तेवढेच विहिरीला मिळते. म्हणून पाऊस चांगला झालेल्या वर्षीही एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळाला जातात. तूर, सोयाबीन, कापूस ही पावसाची पिके. गहू-हरभरा आणि कोठे संत्र्याची बाग ही पाणी असलेल्याची पिके. गावात कोणाची ऐपत किती, हे घराच्या रंगावरून न ओळखता विहिरीच्या पाण्यावरून ओळखावे.

मागील शतके

इतिहास म्हटला की आपण राजवाडा शोधतो. मोझरीला राजवाडा नाही. परंतु तिवसा तालुक्यातच वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून सारा महाराष्ट्र ते जाणतो, आणि तेथील पालखी पंढरपूरला जाते. ही झाली श्रद्धेची गोष्ट. १९६० नंतरच्या दशकात तेथे उत्खनन झाले, तेव्हा ख्रिस्तपूर्व काळापासूनच्या वस्तीचे अवशेष मिळाले. तात्पर्य, या नदीकाठी माणूस दोन हजार वर्षांहून अधिक काळ नांगर धरून आहे.

वर्धा नदी ही पुष्कळ काळ राज्याची हद्दही होती. १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला आणि तो निजामाकडे राहिला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या स्वाधीन केला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडण्यात आला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. मोझरीचा शेतकरी जागचा हलला नाही. त्याच्या सातबाऱ्यावरचे सरकार तेवढे बदलत गेले.

या फेरबदलांत एक गोष्ट मात्र त्याच्या जिवाशी निगडित होती. वर्धेपलीकडे, मध्य प्रांतात, गावाचा मालगुजार असे. सारे गाव एका अर्थी त्याचे. अलीकडे वऱ्हाडात रयतवारी होती. येथे शेतकरी आपला सारा थेट सरकारला भरी आणि जमीन त्याच्या नावावर असे. ती त्याला विकता येई, गहाणही टाकता येई. स्वातंत्र्य मिळाले, त्याबरोबर सावकाराची वाटही मोकळी झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत पोचली. परंतु हा लोहमार्ग बडनेरा, चांदूर, धामणगाव, पुलगाव असा दक्षिणेकडून गेला. मोझरीला स्थानक मिळाले नाही. स्थानकाच्या गावांना जिन आणि प्रेस मिळाले, बाजारपेठ मिळाली. आतल्या गावांच्या वाट्याला बैलगाडीची खेप आली.

नवल असे की दीडशे वर्षांनी तेच पुन्हा घडले. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. तोही या जिल्ह्यात धामणगाव आणि चांदूर यांच्याच अंगाने, दक्षिणेकडून जातो. मोठा रस्ता कोठून न्यावा, हे गावाला विचारून ठरत नाही. परंतु जो रस्ता मिळाला आहे, त्याच्या काठी काय उभारायचे हे गाव ठरवू शकते. मोझरीच्या शिवारात ते कोणी ठरविले, ते आता पाहू.

रस्त्याकाठचा आश्रम

माणिक बंडोजी इंगळे, म्हणजे तुकडोजी महाराज, ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मले. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. तरुणपणी ते सालबर्डी, रामटेक, रामदिघी अशा रानांतून फिरले. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीच्या शिवारात गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली.

या घटनेतील एक साधी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. रान ज्याच्या परिचयाचे होते, त्या माणसाने आश्रमासाठी रान निवडले नाही. नागपूर-अमरावतीचा वाहता रस्ता निवडला. ज्याला एकांत हवा तो रस्त्याकाठी बसत नाही. ज्याला माणसे हवीत तोच बसतो. आम्ही कामगार संघटनावालेसुद्धा कचेरी शोधताना हेच पाहतो, की पाळी सुटल्यावर माणूस येथून जातो की नाही.

पुढचा क्रम आपणास ठाऊक आहे, तरी वर्षे ध्यानात असावीत म्हणून सांगतो. १९३६ मध्ये ते गांधीजींच्या सहवासात राहिले. पुढे ज्याला सेवाग्राम म्हणू लागले, ते गाव तेव्हा शेगावच होते. १९४२ साली चिमूर, आष्टी, यावली, बेनोडा ही गावे उठली. त्याच ऑगस्ट महिन्यात महाराजांना चंद्रपूर येथे अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या शाखा गावोगाव पसरल्या आणि त्यांचे मुख्य ठाणे गुरुकुंज झाले. १९५५ मध्ये 'ग्रामगीता' प्रसिद्ध झाली. तिचे ४१ अध्याय आहेत. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी महाराजांनी देह ठेवला. त्यांची समाधी गुरुकुंजातच आहे. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

'ग्रामगीता' आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. ती देवघरात असेल तर एकदा बाहेर काढून नुसती अनुक्रमणिका वाचावी, अशी माझी विनंती आहे. ग्रामशुद्धी, ग्रामरक्षण, ग्रामआरोग्य, जीवनशिक्षण, श्रमसंपत्ती, महिलोन्नती, अशी तेथील अध्यायांची नावे आहेत. ग्रामपंचायतीच्या कायद्यात पंचायतीची जी कामे सांगितली आहेत, त्यांच्याशी ही यादी ताडून पाहावी. पुष्कळ ठिकाणी मेळ बसेल. मोझरीसारख्या गावात राहणाऱ्याला मोक्ष कोठून मिळेल त्याआधी गटार कोठून जाईल हे ठरवावे लागते, हे त्या ग्रंथकर्त्याने ओळखले होते.

रोजचे जिणे

गुरुकुंजाचा दिवस पहाटेच्या सामुदायिक ध्यानाने उजाडतो आणि सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेने मावळतो. प्रार्थनामंदिर सर्व धर्मांच्या माणसांना खुले आहे. जवळच दास टेकडी आहे. आयुर्वेदाचे महाविद्यालय आहे, रस्त्याला लागून दुकाने आणि खानावळी आहेत. आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास पुण्यतिथीचा महोत्सव भरतो. त्या वेळी दूरदूरच्या गावांतून दिंड्या येतात आणि ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखांचा समुदाय मौन उभा राहतो. मी सभा आणि मोर्चे काढण्यात आयुष्य घालविले आहे. माणसांकडून घोषणा देवविणे सोपे असते. एवढ्या माणसांना एकाच क्षणी गप्प उभे करणे किती कठीण आहे, ते आम्हालाच ठाऊक.

परंतु उत्सव आठवड्याचा आणि संसार वर्षाचा. दिंडी परतली की मोझरीचे शिवार पुन्हा आपल्या कामाला लागते. तूर-कापसात डवरणी, निंदण, सोयाबीनची सोंगणी, आणि दिवाळीच्या पुढेमागे कापसाची वेचाई. वेचाईचे काम बहुतेक बायांचे. मजुरी किलोवर मिळते, आणि कंबरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेली बाई सायंकाळी काट्याकडे डोळे लावून उभी असते. सालाने शेतावर राहणारा सालदार आता पूर्वीसारखा मिळत नाही. तरुण मुले मोटारसायकलवर बसून नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या कारखान्यांत कामाला जातात. बाप कापूस पिकवितो आणि मुलगा त्याच्या धाग्यावर पाळी करतो. परंतु कापसाचा भाव बापाच्या हाती नाही आणि कंत्राटाची मुदत मुलाच्या हाती नाही.

कापसाच्या भावासाठी राज्याने १९७२ मध्ये एकाधिकार खरेदी योजना आणली. पुढे ती मोडली. २००२ मध्ये बी.टी. कापसाला परवानगी मिळाली, बियाण्याचा खर्च वाढला. पश्चिम विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला आणि २००६ मध्ये पंतप्रधानांना मदतीची योजना जाहीर करावी लागली. आजही मोझरी हे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुधा दोन कारणांनी: उत्सव किंवा राजकारण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची महाजनादेश यात्रा गुरुकुंजातून निघाली. २०२५ च्या जूनमध्ये शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी बच्चू कडू यांनी येथेच अन्नत्याग केला. सत्ता मागणाराही येथे येतो आणि सत्तेशी भांडणाराही येथेच येतो. दोघांनाही त्या भूमीची साक्ष हवी असते. पाहुणे येतात, जातात. गाव मात्र गावकऱ्यांनाच चालवावे लागते.

कारभार कोणाचा?

आता चौथा खण, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. आपल्या राज्यातील खेड्याचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने चालतो. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतीला घटनेचा आधार मिळाला. सदस्य ७ ते १७, मुदत ५ वर्षे. २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव. हे बहुतेकांना माहीत असते. जे माहीत नसते ते असे: ग्रामपंचायत ही गावाची धनी नाही. गावातील प्रत्येक मतदार ज्या सभेचा आपोआप सभासद आहे, ती ग्रामसभा. पंचायतीने वर्षाचा जमाखर्च तिच्यापुढे ठेवावयाचा, योजनेसाठी माणसे तिने निवडावयाची, विकासाचा आराखडा तिने संमत करावयाचा. वर्षाला किमान ४ सभा झाल्या पाहिजेत, आणि सभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र महिला सभा झाली पाहिजे.

या सभेला गणसंख्या लागते: मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतील जो आकडा कमी असेल तो. ही अट फार कडक आहे असे कोणी म्हणणार नाही. पण पुढची मेख ऐका. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली, तर तहकूब सभेला गणसंख्येची अट नाही. झाले! पहिल्या दिवशी कोणी आले नाही तर दुसऱ्या वेळी पाच माणसे बसून साऱ्या गावाच्या पैशाचा ठराव करू शकतात, आणि तो कायदेशीर ठरतो.

एका गावचा अनुभव सांगतो. नाव सांगत नाही, कारण तशी गावे पुष्कळ आहेत. तेथील पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्याचा सात महिन्यांचा पगार थकला होता. मी विचारपूस केली, तर उत्तर मिळाले, 'वसुली नाही.' राज्य शासनाने या कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनातील आपला वाटा गावच्या करवसुलीशी जोडला. वसुली घटली की वाटाही घटला. आम्ही थकबाकीची यादी मागितली. तिच्यात गरिबांची नावे खूप होती, परंतु रकमा लहान होत्या. मोठ्या रकमा गावातील चार बड्या घरांच्या होत्या. ती यादी ग्रामसभेत वाचली जावी असे आम्ही ठरविले. सभा तहकूब झाली. दुसरी सभा झाली, ती आम्हाला दुसऱ्या दिवशी कळली. गावाला सभेची वर्दी देण्याचे काम त्याच कर्मचाऱ्याचे. त्या दिवशी त्याला मुद्दाम तालुक्याला धाडले होते!

यात चूक कोणाची? बड्या घरांची आहेच. परंतु मी त्या रात्री स्वतःलाही विचारले, की पहिल्या सभेला आमची शंभर माणसे का आली नाहीत? मी सात जणांची सही गोळा करण्यात गुंतलो होतो. सातांच्या मागचे शंभर मी मोजले नव्हते. पुढच्या वेळी आम्ही घरोघर फिरलो, महिला सभा आधी भरवली, आणि नळावर पाणी भरणाऱ्या बायांनीच यादी वाचावयास लावली. पगार तीन हप्त्यांत मिळाला.

दूरचा आरसा

आता त्या स्विस गावाकडे एकवार वळू. स्वित्झर्लंड हा आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढाही नाही, परंतु त्यात २,१०० च्या वर स्वायत्त नगर-ग्रामसंस्था आहेत. काहींची लोकसंख्या शे-दोनशेच असते. तरी त्या आपला उत्पन्नकराचा दर स्वतः ठरवितात, शाळा चालवितात, रस्ते राखतात. बहुसंख्य लहान गावांत निवडलेले प्रतिनिधिगृह नसते. मतदारांची सभा भरते आणि हात वर करून अंदाजपत्रक संमत होते. लहान गावाला अक्कल नसते, पैसा हाताळता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

परंतु परदेशाचे कौतुक करताना डोळे मिटू नयेत. त्याच देशात स्त्रियांना संघराज्याच्या निवडणुकीत मत मिळाले ते १९७१ मध्ये. आपेनझेल-इनररोडन या प्रांतातील पुरुषांनी तर १९९० मध्ये न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत स्त्रियांना आपल्या प्रांतिक सभेत मत दिले नाही. आपल्या वेचाईच्या बाईला १९५० च्या घटनेनेच मत दिले होते. शिवाय त्यांच्या सभांनाही आता माणसे थोडीच जमतात, अशी तक्रार तेथेही आहे. तेव्हा भेद अकलेचा नाही. त्यांच्याकडे सभेच्या हाती स्वतःच्या कराचा पैसा असतो, म्हणून रिकाम्या खुर्चीची किंमत लगेच कळते. आपल्याकडे बराचसा पैसा वित्त आयोगाच्या निधीतून वरून येतो. म्हणून तो 'सरकारचा' वाटतो आणि त्याचा हिशेब विचारावासा वाटत नाही. वस्तुतः तोही आपल्याच कराचा पैसा असतो. काडेपेटी घेणारी बाईसुद्धा कर भरते.

श्रम आणि दान

एक शंका येथे विचारली पाहिजे, कारण ती मला एका मजूर बाईने विचारली होती आणि मी तेव्हा निरुत्तर झालो होतो. एका गावी श्रमदानाचा कार्यक्रम होता. मी तिला म्हणालो, 'बाई, तुम्हीही या.' ती म्हणाली, 'भाऊ, आमी तं सहा दिवस श्रमच करतो. सातव्या दिवशी बी तेच कराचं, अन् त्याले दान म्हनाचं?'

श्रमाची प्रतिष्ठा हा गुरुकुंजाच्या शिकवणुकीचा कणा आहे, आणि मी कामगार संघटनेचा माणूस. त्यामुळे हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत राहिला. आज माझे उत्तर असे आहे. ज्याच्याकडे श्रमाशिवाय दुसरे काही नाही, त्याच्याकडून ते फुकट मागणे हे दान नव्हे, वेठ आहे. वऱ्हाडाने वेठ पुष्कळ पाहिली आहे. श्रमदान खरे होते ते घमेले आधी वाडेवाल्याच्या डोक्यावर चढते तेव्हा. आणि जे काम पंचायतीच्या निधीतून व्हावयाचे आहे, त्याची मजुरी पुरती आणि वेळेवर मिळाली पाहिजे. त्यावर श्रमदानाचे पांघरूण घालू नये. 'ग्रामगीते'त श्रमाला संपत्ती म्हटले आहे. संपत्ती म्हटली की तिचा हिशेब आला, आणि हिशेब आला की तो सर्वांसमक्ष झाला पाहिजे. पुन्हा आपण ग्रामसभेच्याच दाराशी येतो.

गुरुकुंज मोझरीचा परिचय मला एवढाच करून द्यावयाचा होता. काळी जमीन आणि कंजूष खडक ही त्या गावाला निसर्गाने दिलेली ठेव. सरकारे येत-जात राहिली, आगगाडी हुकली, रस्ता मिळाला, हा इतिहास. एका माणसाने त्या रस्त्याकाठी माणसांना रोज एकत्र बसविण्याची सवय लावली. ती त्याची देणगी. प्रार्थनेला एकत्र बसणारी माणसे हिशेबालाही एकत्र बसतील की नाही, हा प्रश्न मात्र कोणी महाराज, कोणी पुढारी किंवा माझ्यासारखा संघटनेचा कार्यकर्ता परस्पर सोडवू शकत नाही. तो त्या गावाच्या, आणि प्रत्येक गावाच्या, मतदारांनीच सोडवावयाचा आहे.

आपण शहरातील माणसे. आपल्याला वाटेल, हे खेड्याचे प्रश्न. परंतु आपल्यापैकी निम्म्यांची नावे नाही तरी भावाबहिणींची नावे कोठल्या ना कोठल्या गावच्या मतदारयादीत आहेत. ग्रामसभा साधारणतः २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास असते. ही व्याख्यानमाला संपते न संपते तोच १ मे येईल. त्या दिवशी गावी निरोप पाठवा, की सभेला जा आणि जमाखर्च वाचून दाखवा म्हणावे. आणि पुढच्या वेळी नागपूरच्या गाडीत बसाल, तेव्हा मोझरीला खिडकीतून हात जोडून पुढे जाऊ नका. उतरा. समाधीचे दर्शन घ्या, मग पायी गावात जा, पंचायतीच्या कचेरीबाहेर लावलेला सूचनाफलक वाचा, आणि नळाला पाणी सोडणारा कोणी भेटला तर त्याला विचारा, 'बाबा, पगार वेळेवर होतो ना?'